बाटलीतलं पाणी

माझ्या डोळ्यांवर ज्या एका माणसाचा पहिला हक्क आहे, त्या माणसाचं नाव बायडाअक्का. माझी थोरली बहीण. लहानपणी डोळ्यात माती गेली की ती ओढणीच्या टोकाचा घट्ट बोळा करायची, तो ओठांशी धरून त्यात हळूच दोन-तीनदा फुंकायची आणि ऊब धरलेला तो बोळा माझ्या मिटलेल्या पापणीवर दाबून धरायची. मेंढरांची लोकर, भाकरीचं पीठ आणि तिचा श्वास यांचा मिळून एकच वास त्या ओढणीला होता. आज सकाळी जाग आली तेव्हा पापण्या नेहमीसारख्या बुबुळांना चिकटल्या होत्या, आणि त्या सोडवण्याआधीच तो वास आठवला. वास डोळ्यांना कसा आठवेल, असं तुम्ही विचाराल. मला आठवतो, एवढंच सांगू शकतो.

माझे डोळे कोरडे आहेत. हे वाक्य आता मी सहज लिहितो, पण ते लिहिण्याइतकं धाडस यायला दोन वर्षं गेली. लेझरनं चष्मा घालवला, त्यानंतर काही महिन्यांत हा कोरडेपणा पाहुणा म्हणून आला आणि घरचाच होऊन राहिला. सकाळी पापणी उघडताना बुबुळावरून खरखरीत कागद ओढल्यासारखं होतं. दुपारच्या वाऱ्यात तिखटाचा हात लागल्यासारखी आग होते. संध्याकाळी समोरचं माणूस विरघळत चालल्यासारखं दिसतं, कारण डोळ्यावर पाण्याचा एक अतिशय तलम पडदा असतो आणि तोच आपल्याला जग नीट दाखवत असतो. तो फाटला की चांगल्या नजरेलाही धूसर दिसतं. आपण सगळे जन्मभर पाण्यातूनच बघत असतो, हे किती जणांना ठाऊक असेल? मलाही ते पाणी गेल्यावरच कळलं. मी माण तालुक्यातला, म्हणून चार वेगवेगळ्या माणसांनी मला एकच उपमा ऐकवली: दुष्काळी मुलखातला माणूस, तेव्हा डोळेही दुष्काळीच! सांगणाऱ्याला ती फार गोड लागते. मला लागत नाही. आमच्या मुलखात पाणी कमी आहे हे खरं, पण आमच्या माणसांनी पाण्यावाचून दिवस काढले ते मान वर ठेवून काढले. माझ्या डोळ्यांकडं कुणी कीव करून बघितलं की माझ्यातला तोच माणदेशी माणूस उठून बसतो.

लहानपणी मला लांबचं दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हेही ठाऊक नव्हतं. ज्यानं कधी बघितलंच नाही, त्याला काय राहून गेलं हे कसं कळावं? डोंगर म्हणजे निळसर डाग, झाड म्हणजे हिरवा गोळा, माणूस म्हणजे जवळ येत जाणारा आवाज. सगळ्यांना असंच दिसत असणार, असं मी धरून चाललो होतो. आई-आबा कळप घेऊन पश्चिमेच्या ओल्या मुलखाकडं उतरत, तेव्हा घरी मी, अक्का आणि मागं ठेवलेली पाच-सहा लंगडी-गाभण मेंढरं, एवढाच आमचा संसार असे. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. एका संध्याकाळी मी माळावरून मेंढरं हाकून आणली. वाघरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, ती घालताना अक्काच्या लक्षात आलं, की आमची काळ्या तोंडाची मेंढी त्यात नाही, आणि तिच्या जागी शेजाऱ्यांची एक मेंढी शहाण्यासारखी उभी आहे.

धनगराच्या पोरानं परकी मेंढी घरी आणणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्यातली पोरं पाळण्यातून उतरली की मेंढी तोंडावरून ओळखतात. दुसरी कुणी असती तर माझ्या पाठीत दोन रट्टे घालून मोकळी झाली असती. अक्कानं मला हाताला धरून अंगणाच्या कडेला नेलं. म्हणाली, "त्या बाभळीवर काय बसलंय, सांग." मी विचारलं, "कंची बाभळ?" तिनं मला दहा पावलं पुढं नेलं, पुन्हा विचारलं. आणखी दहा पावलं, आणि आणखी. अगदी बुडाशी गेल्यावर मला फांदीवरचा होला दिसला आणि तेवढ्यात तो उडूनही गेला. अक्का माझ्यासमोर खाली बसली. "आरं माझ्या राजा," ती म्हणाली, "तुला दिसतच न्हाई की रं!" आणि मला पाठीशी घालून ती परकी मेंढी परत द्यायला आणि आमची आणायला ती स्वतः गेली, तिथं काय बोलणी खाल्ली ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती मला चालवत दहिवडीला डोळे तपासणीच्या शिबिरात घेऊन गेली. चष्मा आला. तो नाकावरून घसरून फुटेल म्हणून तिनं त्याच्या दोन्ही दांड्यांना काळी दोरी ओवली आणि रोज सकाळी ती माझ्या डोक्यामागं बांधून मगच मला शाळेत सोडायची. पहिल्या दिवशी तर वर्गाच्या दारातूनच म्हणाली, "गुरुजी, ह्याला पुढं बसवा. ह्याचं डोस्कं चांगलं हाय, डोळं तेवढं न्हाईत." ती स्वतः शाळेत फार गेली नव्हती. माझ्या दुरेघी वहीत, दोन रेघांच्या मधे मी अक्षरं गिरवायचो, तेव्हा शेजारी बसून ती मातीत बोटानं तीच अक्षरं काढायची आणि तशीच लिहायला-वाचायला शिकली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून माझं नाव घेतलं जातं. घेणाऱ्यांना वाटतं, ही बुद्धीची गोष्ट आहे. ती एका काळ्या दोरीची गोष्ट आहे.

मी बारा वर्षांचा असताना अक्काचं लग्न झालं. आटपाडीच्या पलीकडं, सांगली जिल्ह्यातल्या एका वस्तीवर तिला दिली. पाठवणीच्या वेळी तिनं माझी दोरी एकदा सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि ती जीपमध्ये बसायला गेली. मग मी जो रडायला लागलो, तो थांबेना. चष्म्याच्या काचा आतून भिजल्या, बाहेरून धुळीनं माखल्या. जीप निघताना अक्कानं वळून बघितलं, हात केला, असं सगळे सांगतात. मला दिसला तो एक हिरवा ओघळ. माझी अक्का घरातून गेली ती मला न दिसताच गेली.

मग देवानं दिलेल्या डोळ्यांना लेझर लावायची काय गरज होती? हा प्रश्न मला मेडिकलवाल्यापासून मामेसासऱ्यापर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. देवानं दिलेल्या डोळ्यांनी मी परकी मेंढी घरी आणली होती, हे माझं त्यावरचं उत्तर. शिरवळच्या कारखान्यात मी औषधांच्या काचेच्या कुप्या तपासतो. अर्धी काळी, अर्धी पांढरी अशी पाटी समोर असते. तिच्यापुढं एकेक कुपी धरायची, हलकेच फिरवायची आणि आतल्या औषधात एखादा कण, एखादा तंतू, काचेला एखादा तडा आहे का ते शोधायचं. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. मास्कमधला श्वास वर जाऊन चष्म्याच्या काचा धुक्यानं भरायच्या. हे झालं कामाचं कारण. पण मी प्रामाणिकपणे सांगतो, कामाचं कारण मी नंतर शोधलं. एकदा, फक्त एकदा तरी, काच मधे न ठेवता मला माझ्या डोळ्यांनी लांबचं बघायचं होतं. अशी इच्छा धरणं हा गुन्हा आहे का?

सांगलीला लेझर झालं. वरच्या दिव्याकडं बघत पडलो होतो, तेव्हा होरपळलेल्या लोकरीसारखा वास आला आणि मला आमचा मेंढवाडा आठवून त्याही अवस्थेत हसू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या गॅलरीत उभा राहिलो. समोरच्या चिंचेचं पान न् पान सुटं! तिसऱ्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती, तिच्या ओठांत धरलेला चिमटा मला दिसत होता! मी आधी अक्काला फोन केला. "अक्का, चष्म्याबिगर दिसतंय." ती म्हणाली, "मग माझ्या दोरीचं काय करशील रं आता?" आणि दोघंही खूप हसलो. मला कुणी फसवलेलं नाही. डोळे कोरडे पडू शकतात असं डॉक्टरांनी तोंडानं सांगितलं होतं, कागदावरही छापलेलं होतं. त्यावर सही माझी आहे. त्या सकाळची किंमत कुणी आज पुन्हा मागितली तरी मी पुन्हा सही करीन की नाही, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. करीन. सकाळी कण्हत करीन, पण करीन.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात अक्काच्या पूजाचं लग्न झालं. पूजा तिची एकुलती एक. मी मामा. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मंडपात यावं," असं स्पीकरवरून तीनदा सांगेपर्यंत मला हलता येईना, इतका मी अभिमानानं जड झालो होतो. पण दिवसभर माळावरचा वारा वाहत होता. जनरेटरचा धूर, फटाक्यांचा धूर, जेवणावळीची धूळ. पाठवणीची वेळ आली तोवर डोळ्यांची आग आग झालेली, आणि पूजाचा चेहरा माझ्यासमोर पाण्यात पडलेल्या रंगासारखा पसरायला लागला. मी पाण्याच्या टँकरमागं गेलो. खिशातली डोळ्यांच्या थेंबांची बाटली काढली, मान मागं टाकली, आणि घाईत दोनाऐवजी पाच-सहा थेंब दोन्ही डोळ्यांत घातले. पाणी गालांवरून खाली ओघळलं. तसाच परत आलो आणि पूजाच्या गाडीपाशी उभा राहिलो.

दाजींचे एक चुलते आहेत. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आता सत्तरीच्या घरातले, पण आवाज अजून परेडच्या मैदानावरचा. टँकरपाशी पाणी प्यायला आले तेव्हा त्यांनी मला थेंब घालताना बघितलं होतं, आणि ते माझ्यामागोमाग गाडीपाशी आले. "आरारारा!" ते गरजले. "आवं बगा तरी! मामा बाटलीतनं रडतोय! काय रं बापू, रडं आता मेडिकलात मिळतंय व्हय? आमालाबी दोन बाटल्या आण की, म्हातारी गेली तर उपेगाला येतील!" लोक हसले. रडणाऱ्या बायका रडता रडता पदर तोंडात धरून हसल्या. त्यांच्या मधोमध अक्का होती. ती हसली नाही. गाडी गेली, धुरळा खाली बसला, तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात म्हणाली, "पाणी आलं न्हवतं तर न्हाई म्हणायचं. बाटली कशाला आणलीस?"

माझ्याकडं उत्तर होतं. पण समोर जिची लेक आत्ताच गेली आहे, तिला बुबुळावरच्या पाण्याच्या पडद्याबद्दल काय सांगणार? मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याचं तिनं जे समजायचं ते समजून घेतलं. शिकला, शिरवळला गेला, काचेच्या कुप्यांत राहून काचेचाच झाला. असं ती म्हणाली नाही. पण त्यानंतर मी फोन केला की "बरं हाय ना?" एवढं विचारून ती फोन दाजींच्या हातात द्यायला लागली. लग्न झाल्यापासून एकही भाऊबीज न चुकवलेली माझी बहीण त्या दिवाळीला आली नाही. शेळी व्यायला झाली, असं कारण कळवलं. ओवाळायचा पाट मी मांडला होता; तो संध्याकाळी मीच उचलून ठेवला.

साताऱ्यातल्या ज्या डॉक्टरीणबाई माझे डोळे तपासतात, त्यांना मी त्याच आठवड्यात विचारलं, बाई, लेझरनं माणसाचं रडणंही आटतं का? त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, डोळा ओला ठेवणारं पाणी वेगळं आणि दुःखाचं पाणी वेगळं. कोरड्या डोळ्यांच्या माणसांनाही बहुतेक वेळा रडू येतंच. म्हणजे लेझरच्या पाठीमागं लपायची सोयही उरली नाही! येताना एसटीत मी स्वतःलाच तपासत बसलो, कुपी उजेडात धरावी तसा. त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं, हे खरं. पण म्हणून आत काही नव्हतं का? कुपीतलं औषध नितळ आहे की नाही ते मी डोळ्यांनी बघून सांगू शकतो. माणसाच्या बाबतीत ही परीक्षा कुणी ठरवली? गालावर ओघळ दिसला की पास, नाही दिसला की नापास?

बाईंनी उपाय सांगितला तो ऐकून मात्र मला हसू आलं. खालच्या पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. डोळ्यातलं पाणी त्यातून नाकात उतरून वाहून जातं. तिथं तिळाहून लहान बूच बसवायचं, म्हणजे आहे तेवढं पाणी डोळ्यातच थांबेल. समजावून सांगायला त्या कागदावर चित्र काढू लागल्या. म्हटलं, "बाई, चित्र नको. मी माणातला. बांध मला कळतो." त्याही हसल्या. दोन्ही डोळ्यांना बुचं बसली. चिमटा बसल्याएवढंच दुखलं. शिवाय रोज सकाळी कापडाचा गरम शेक द्यायला सांगितला, चिठ्ठीवर लिहूनही दिला. कापडाचा गरम शेक! पापण्यांच्या कडांना तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, उबेनं त्या मोकळ्या होतात आणि पाणी लवकर सुकत नाही. अक्काला हे कुठल्या शाळेत शिकवलं होतं?

बुचं बसल्यावर आग निम्मी झाली, पण बांधाचा जो नियम तोच डोळ्याचा. वारा सुटला की सांडवा वाहायला लागतो. दहिवडीच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो, कसलंही दुःख नव्हतं, उलट पगारी सुट्टी मिळाल्याचा आनंद होता, आणि दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शेजारच्या मावशी बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पावणं, घरात कुणाचं काय झालं?" म्हटलं, "काय न्हाई मावशी, डोळ्याला बूच लावलंय." "डोळ्याला बूच!" त्यांनी कपाळाला हात लावला. मग ओटीतले मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "असू द्या. सांगायचं नसंल तर नका सांगू. पर खावा, पोटाला लागतंच."

मी शेंगदाणे खाल्ले. आणि खाता खाता मला त्या सगळ्या प्रकाराचा संताप आला, हसूही आलं. कोरडे होते तेव्हा डोळ्यांनी माझ्याविरुद्ध साक्ष दिली, की याला माया नाही. ओले झाले तेव्हाही खोटी साक्ष दिली, की याच्या घरात कुणी गेलं. अशा साक्षीदाराला कोर्टानं हाकलून दिलं असतं. माणसं मात्र त्याच्या एका थेंबावर निकाल देतात! त्या दिवसापासून मी डोळ्यांची बाजू मांडणं सोडलं आणि बाटली लपवणंही सोडलं. कारखान्यात ती टेबलावर सगळ्यांसमोर असते. साहेबांनी पॅकिंगकडं बदली देऊ केली, मी नको म्हणालो. ठरावीक वेळानं थांबतो, पापण्या सावकाश मिटतो, उघडतो आणि पुढची कुपी उचलतो. या वर्षीची नजर-तपासणी मी पास झालो. सगळ्यांत बारीक तडा आमच्या पाळीत अजून मलाच सापडतो.

आणि मग आषाढातल्या वाऱ्यात, दहिवडीच्या स्टँडवर, सुभेदार भेटले. आटपाडीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "काय बापूराव! आज बाटलीबिगरच चालू हाय व्हय?" कारण वाऱ्यानं माझ्या डोळ्यांचा सांडवा वाहत होता. मी त्यांच्याशेजारी बसलो. त्यांचे स्वतःचे डोळे लालभडक, आणि टॉवेलच्या टोकानं ते सारखे चोळत होते. म्हटलं, "तुमचं काय?" म्हणाले, "लय चुनचुनतंय रं. बर्फात हुतो तवापासनंच हाय, आता वाढलंय." मी पिशवीतून थेंबांची एकदाच वापरायची नवी कुपी काढून तिचं टोक मोडलं. "घालू? नुसतं पाणीच हाय. पर नंतर डॉक्टरला दावा." त्यांनी आजूबाजूला बघितलं. मग मान मागं टाकली आणि, टँकरमागं माझा झाला असेल तसाच, आ वासला. थेंब पडले. पाणी त्यांच्या पांढऱ्या गलमिशांत उतरलं. "आयला," ते पुटपुटले, "लय गार वाटलं रं गड्या."

आम्ही दोघं गाल भिजवून बाकावर बसलो होतो. समोरून जाणारे दोघे-तिघे थांबून बघत होते. कुणाची मयत म्हणून विचारावं की नाही, अशा विचारात. सुभेदार समोरच्या गाडीकडं बघत म्हणाले, "आता कसं, समदं नीट दिसाय लागलं बघ. मघा त्यो गाडीवरचा बोर्ड वाचता येईना." आणि बोलता बोलता ते थांबले. माझ्याकडं बघितलं. परेडच्या मैदानावरचा आवाज पार खाली आला. "म्हंजे त्या दिशी तू..." "व्हय," मी म्हणालो. "मी लय मोठ्यांदा बोललो रं." "व्हय." "बायडाला मी सांगू?" म्हटलं, "नको. हे माझं मी सांगणार. तुमी फक्त चिठ्ठी पोचवा." गाडीला वेळ होता. स्टँडवरच्या दुकानातून मी पोरांची दुरेघी वही घेतली, म्हणजे अक्षर मोठं येईल आणि अक्काला ओळखीचं वाटेल. तिच्याशी बोलतो त्याच बोलीत लिहिलं. वाऱ्यानं कागदावर दोन थेंब पडले. ते पुसले नाहीत आणि त्यांचा अर्थही कुणाला सांगितला नाही. घडी घालून सुभेदारांच्या खिशात ठेवली. त्यांनी खिशाचं बटण लावलं. ती चिठ्ठी अशी होती:

तीर्थस्वरूप बायडाअक्कास, बापूचा नमस्कार.

अक्षर मोठं काढलंय. बोट ठेवून सावकाश वाच. दाजींना वाचाय देऊ नको, ते भराभरा वाचत्यात आन निम्मंच सांगत्यात.

बाटली कशाला आणलीस म्हणून तू इचारलंस. तवा माझ्या तोंडातनं शब्द आला न्हाई. आता सांगतो.

तुझ्या पाठवणीला मी लय रडलो. चष्मा भिजला आन तू गेलेली मला दिसलीच न्हाईस. तू वळून हात केलास, असं समदी सांगत्यात. मला ते दुसऱ्याच्या तोंडनंच ऐकावं लागलं, आजपातूर. म्हणून पूजाच्या टायमाला मी ठरवलं हुतं, ह्या पोरीचं जाणं मी माझ्या डोळ्यानं बघणार. पर दिवसभर वारं हुतं. डोळं सुकलं की मला समदं इरघळल्यावानी दिसतं, चष्म्याच्या आदी दिसायचं तसं. म्हणून पाणी घातलं. रडाय न्हवं अक्का, बघाय घातलं.

आन मी बघितलं. गाडीत बसताना पूजाच्या मुंडावळीची लड कानातल्यात अडकली. ती तू सोडवलीस. सोडवून झाल्यावर बी तुझं बोट तिच्या गालावरनं निघना. मग तू पदरात तोंड घातलंस. तवर गाडी हालली. तुला म्हाईत न्हाई, म्हणून सांगतो. गाडी लिंबापातूर गेली आन पोरीनं काच खाली केली. मागं वळली. रडत न्हवती. तुझ्याकडं बघून हसली आन बांगड्यांचा हात पार कोपरापातूर भायेर काढून हालवला, तू दिसंनाशी हुईस्तवर. तू पदरात हुतीस. समदी रडत हुती, न्हाईतर मला हसत हुती. त्यो हात कुणी तरी बघाय पायजे हुता. मी बघितला, तुझ्यासाठनं.

मला तवा रडू आलं न्हाई, हे खरं हाय. त्याची माफी मी मागणार न्हाई. दोन्ही एका टायमाला मला जमत न्हाई, आन मी बघायचं ठरवलं हुतं.

पंचमीला ये. मी चार दिवस गावीच हाय. डॉक्टरीणबाईनं रोज कापडाचा शेक सांगितलाय. मी फडकं तव्यावर गरम करून बघितलं, इस्त्रीवर करून बघितलं. तुझ्या फुंकरीवानी हुईत न्हाई. तू आलीस की एकदा दाव, कसं करायची.

एष्टीतनं उतरलीस की घरापातूर येऊस्तवर थांबू नको. फाट्यावरनंच हात कर. मी अंगणाच्या कडंला उभा असंन, जिथनं तू मला बाभळ दावली हुतीस.

आता मला लांबचं दिसतं.

तुझा,
बापू